सर्टिफाइड फॅमिली लाइफ एज्युकेटर व्हायचंय? मग या चुका टाळा

अमेरिकेतली नॅशनल काउन्सिल ऑन फॅमिली रिलेशन्स ही संस्था १९८५ पासून सर्टिफाइड फॅमिली लाइफ एज्युकेटर, म्हणजे कुटुंबजीवनाचं शिक्षण देणाऱ्यांसाठीचं सीएफएलई, हे प्रमाणपत्र देते आहे. मानवी विकास, समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकून लग्नानंतर न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात गेलेल्या मराठी मुलींना आपल्या पदवीचं तिथे काय करावं हा प्रश्न पडतोच. त्यावर हे एक चांगलं उत्तर आहे. पण तयारी करणाऱ्यांच्या चुका वर्षानुवर्षं त्याच असतात, आणि त्यातल्या बहुतेक चुकांचं मूळ एकच असतं. हे काम शिकवण्याचं आहे, हे मनाशी पक्कं झालेलं नसतं.

शिकवायला उभं राहायचं आणि समुपदेशन करत बसायचं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्याबद्दल सविस्तर.

सार्वजनिक वाचनालयाच्या हॉलमध्ये पालकांचा वर्ग. विषय, किशोरवयीन मुलांशी संवाद. वेळ ९० मिनिटं, चौदा पालक. विसाव्या मिनिटाला एक आई म्हणाली, "माझा मुलगा तीन आठवडे शाळेतच गेलेला नाही, आणि त्यावरून आमच्या घरात रोज भांडणं होतात." नवख्या शिक्षिकेनं खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. कधीपासून चाललंय, नवरा काय म्हणतो, तुम्ही त्यावर काय बोलता, असे एकामागून एक प्रश्न. आईचा बांध फुटला. पुढची पस्तीस मिनिटं त्यातच गेली. मागच्या रांगेतलं एक जोडपं उठून गेलं, दोघं-तिघं फोनमध्ये डोकं घालून बसले, आणि ज्यासाठी वर्ग घेतला होता तो ऐकण्याचा सराव झालाच नाही. पुढच्या आठवड्यात ती आई आली नाही. ओळखीच्या माणसांसमोर आपण नको तेवढं बोलून गेलो, हे तिला घरी गेल्यावर जाणवलं होतं. शिक्षिका मात्र तो आपला सर्वात चांगला वर्ग समजत होती.

तिचा हेतू वाईट नव्हता, पण नुकसान तिघांचं झालं. आईचं, बाकीच्या तेरा जणांचं आणि तिचं स्वतःचं. मायर्स-वॉल्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या चौकटीत तीन क्षेत्रं स्पष्ट वेगळी केली आहेत. अडचण येण्याआधीच कुटुंबाला ज्ञान आणि कौशल्यं देणं हे कुटुंब-जीवनशिक्षण. बिघडलेलं दुरुस्त करणं ही कुटुंब-चिकित्सा. कुटुंबाला सेवांशी जोडून देणं आणि व्यवस्थेचे नियम पाळायला मदत करणं हे केस मॅनेजमेंट. त्याआधी १९९५ मध्ये विल्यम डोहर्टी यांनी कुटुंबासोबत काम करण्याच्या पाच पातळ्या सांगितल्या. त्यांपैकी दुसरी माहिती आणि सल्ल्याची, तिसरी भावना आणि आधाराची. शिक्षकाचं रोजचं काम या दोन पातळ्यांवर चालतं. चौथी पातळी जास्तीचं प्रशिक्षण मागते, पाचवी चिकित्सकाची. वरच्या प्रसंगात पातळी ओलांडली गेली, तीही चौदा जणांदेखत.

मग करायचं काय? पहिल्या पाच मिनिटांत नियम सांगा. खासगी गोष्ट सांगायची कुणावर सक्ती नाही. इथलं बोलणं बाहेर नेऊ नका, पण सगळ्यांच्या वतीनं तशी हमी मी देऊ शकत नाही. आणि मुलाच्या जिवाला धोका दिसला तर मला कळवावंच लागेल. हे शेवटचं वाक्य अनेकजणी संकोचानं गाळतात. गाळू नका.

कुणी मन मोकळं केलंच तर एका वाक्यात दखल घ्या: "हे सांगणं सोपं नव्हतं." मग प्रश्न सगळ्यांचा करा: "शाळेला जायला नकार देणाऱ्या मुलाशी बोलायला सुरुवात कशी करायची, हे आपण आता करून पाहू." वर्ग संपल्यावर तिला दहा मिनिटं बाजूला द्या आणि संपर्कांचा कागद हातात ठेवा. तो कागद आधीच छापलेला हवा. त्यावर त्या काउंटीतले, म्हणजे तिथल्या जिल्ह्यातले, किमान दोन परवानाधारक कुटुंब-चिकित्सक, शाळेच्या समुपदेशकाकडे जायची वाट, स्थानिक सेवांसाठी २११, आत्महत्येच्या विचारांसाठी ९८८ आणि घरगुती हिंसाचाराची राष्ट्रीय हेल्पलाइन असावी. न्यू जर्सीत असाल तर दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी काम करणारी 'मानवी' ही संस्थाही घाला. दर तीन महिन्यांनी प्रत्येक नंबर स्वतः लावून बघा. बंद पडलेला नंबर दिला तर ती बाई पुन्हा दुसरा नंबर फिरवेलच असं नाही.

मुलाच्या छळाचा संशय आला की आणखी एक घोळ होतो: "आधी खात्री करून घेते, मग कळवते." खात्री करणं हे तुमचं काम नाही. वाजवी संशय पुरेसा असतो, तपास यंत्रणा करते. कुणी कळवायचं हे राज्यागणिक बदलतं, पण न्यू जर्सी आणि टेक्सासमध्ये हे बंधन प्रत्येक व्यक्तीवर आहे. भारतात मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नेही कळवण्याचं बंधन कुणा एका व्यवसायापुरतं ठेवलेलं नाही. प्रमाणपत्राच्या परीक्षेतल्या प्रसंगात "आधी पालकांशी बोलून घ्यावं" हा पर्याय समजूतदार वाटतो आणि भल्याभल्यांना फसवतो.

आणि कार्डावर "फॅमिली काउन्सेलर" छापू नका. सीएफएलई हे ऐच्छिक व्यावसायिक प्रमाणपत्र आहे, राज्याचा परवाना नाही. परवान्याशिवाय असली बिरुदं लावणं कायद्याच्या अडचणीत नेऊ शकतं.

"पालकांना जाणीव होईल"

पाठ आराखड्यात हे वाक्य दिसलं की पुढचं वाचायची गरज उरत नाही. जाणीव झाली की नाही, हे तपासणार कसं? "संवादाचं महत्त्व समजेल", "नातं दृढ होईल" ही उद्दिष्टं नाहीत, सदिच्छा आहेत. जीवनशिक्षणाची कार्यपद्धती हा प्रमाणपत्राच्या दहा विषयक्षेत्रांपैकी एक विषय आहे, आणि आशय उत्तम येणाऱ्या मुली नेमक्या इथेच अडतात.

उद्दिष्ट असं लिहा: "सत्राच्या शेवटी प्रत्येक पालक दिलेल्या तीनपैकी किमान दोन प्रसंगांत, दोषारोप न करता स्वतःची भावना सांगणारं वाक्य बोलून दाखवेल." कोण, काय करेल, कोणत्या परिस्थितीत, किती प्रमाणात, सगळं यात आलं. क्रियापद डोळ्यांना दिसणारं किंवा कानांना ऐकू येणारं हवं. ९० मिनिटांच्या सत्राला अशी दोन उद्दिष्टं बास. तीन लिहिलीत तर एक कागदावरच राहतं.

उद्दिष्ट ठरलं की वेळ आपोआप बसतो. स्वागत आणि नियम १० मिनिटं, सहभागींचा स्वतःचा अनुभव १०, नवी माहिती १५, जोड्यांमध्ये सराव ३०, चर्चा १५, मूल्यमापन १०. नवखे याच्या बरोबर उलट करतात. साठ मिनिटं स्लाइड, वीस मिनिटं प्रश्नोत्तरं आणि सरावाला "वेळ उरला तर". वेळ कधीच उरत नाही. ऐकण्याचं कौशल्य ऐकण्याबद्दलची स्लाइड पाहून येत नाही. तो सराव वगळण्याची घाई ज्यांना आहे त्यांनी व्याख्यानं द्यावीत, हा व्यवसाय निवडू नये.

गरजांचा अंदाज घेतानाही असाच आळस होतो. लोकांना स्वतःला जाणवणारी गरज, तज्ज्ञांना त्यांच्यात दिसणारी गरज आणि आयुष्याच्या पुढच्या टप्प्यावर येऊ घातलेली गरज या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पालक म्हणतात, "मुलाचा मोबाइल सुटत नाही." शाळेच्या समुपदेशकाला दिसतं की मुलं रात्री पुरेशी झोपत नाहीत. आणि वर्षभरात त्याच घरात गाडी चालवण्यावरून आणि मित्रमैत्रिणींवरून वाद सुरू होणार आहेत. कार्यक्रम पहिल्या गरजेच्या नावानं जाहीर करा, नाहीतर कुणी येणार नाही. पण आत बाकीच्या दोन्ही घ्या.

मूल्यमापनाला हसरे-रडके चेहरे वाटून मोकळं होऊ नका. त्यातून वर्ग आवडला की नाही एवढंच कळतं. आधी आणि नंतर एकच प्रश्नावली देण्यातही एक खोच आहे. सुरुवातीला पालक स्वतःला ऐकण्यात पाचपैकी चार गुण देतात. वर्गात ऐकणं म्हणजे काय हे कळल्यावर शेवटी तीन देतात, आणि आकड्यांत वर्ग वाया गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्यांचं मोजायचं माप बदललेलं असतं. म्हणून शेवटी एकाच कागदावर दोन रकाने द्या: "आज, वर्ग झाल्यावर" आणि "आता मागे वळून पाहता, वर्गाआधी". सहा वर्गांच्या मालिकेलाही हेच चालतं, फक्त सहा-आठ आठवड्यांनी एक छोटा पाठपुरावाही करा.

कायद्याचे प्रश्न भारतीय डोक्यानं सोडवणं

कौटुंबिक कायदा आणि सार्वजनिक धोरण हा विषय शेवटच्या रविवारवर टाकला जातो, आणि मग सवयीनं उत्तरं दिली जातात. भारतात २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, तेच डोक्यात असतं. अमेरिकेचा १९९३ चा फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायदा १२ आठवडे देतो, तेही बिनपगारी. फक्त नोकरी शाबूत राहते. खासगी नोकरीत ७५ मैलांच्या परिसरात मालकाकडे ५० कर्मचारी हवेत, तुमची बारा महिने नोकरी झालेली हवी आणि मागच्या बारा महिन्यांत १,२५० तास काम केलेलं हवं. जोडीदार, मूल आणि स्वतःचे आईवडील यांच्या गंभीर आजारपणासाठी ही रजा मिळते, सासू-सासऱ्यांसाठी नाही. आपल्या घरात वाढलेल्या माणसाचा इथे हमखास पाय घसरतो.

सिद्धांतांची नावं पाठ, वापर शून्य

कौटुंबिक ताण समजावणारं हिल यांचं १९४९ चं एबीसी-एक्स प्रारूप सगळ्यांना तोंडपाठ असतं. प्रसंग दिला की मात्र गडबड. ओळखीचं उदाहरण घ्या. एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर असलेल्या नवऱ्याची नोकरी गेली, आणि देशात राहायला हातात जास्तीत जास्त ६० दिवसांचा सवलतीचा काळ आहे. नोकरी जाणं हा 'ए', म्हणजे ताण आणणारी घटना. शिल्लक, बायकोचा कामाचा परवाना, मित्रमंडळी हा 'बी', म्हणजे संसाधनं. "सगळं संपलं" किंवा "परत जायचा विचार होताच" हा 'सी', म्हणजे कुटुंबानं लावलेला अर्थ. या तिन्हींतून 'एक्स', म्हणजे संकट, येतं किंवा येत नाही. चूक नेहमी 'सी' मध्ये होते. तिथे शिकवणाऱ्या स्वतःचा अर्थ लिहितात, तर तिथे त्या कुटुंबाचा अर्थ हवा असतो. घटनेनंतर साचत जाणारे ताण आणि काळाबरोबर होणारं जुळवून घेणं विचारलं असेल, तर उत्तर मॅककबिन आणि पॅटरसन यांच्या १९८३ च्या दुहेरी एबीसी-एक्स प्रारूपाचं.

डुव्हाल यांनी सांगितलेल्या कुटुंबाच्या जीवनचक्राच्या आठ टप्प्यांतही असाच एक खड्डा आहे. घरात १४ वर्षांची मुलगी आणि ५ वर्षांचा मुलगा असेल तर कुटुंब कोणत्या टप्प्यात? किशोरवयीन मुलांच्या. मुलं घरात असेपर्यंत टप्पा थोरल्या अपत्यावरून ठरतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. मानवी लैंगिकता हा विषय "बघू नंतर" म्हणून सोडू नका, तो दहांपैकी एक पूर्ण विषय आहे. कुटुंबाची संसाधनं म्हणजे फक्त पैसा नव्हे, वेळ, श्रम आणि निर्णयप्रक्रियाही त्यातच येतात. विकास फक्त बालपणाचा वाचू नका, सत्तरीतल्या माणसाबद्दलही प्रश्न येतात. इकडून तिकडून मिळालेले प्रश्नसंच घोकू नका. परीक्षा १५० बहुपर्यायी प्रश्नांची आहे आणि प्रसंगावर विचारते, घोकलेलं तिथे उपयोगी पडत नाही. मान्यताप्राप्त अभ्यासक्रम केला असेल तर परीक्षेऐवजी संक्षिप्त अर्जाचा मार्ग खुला असतो, पण त्याला मुदत असते. ती निघून गेल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही. आणि सुरुवातीला मिळणाऱ्या प्रोव्हिजनल प्रमाणपत्राला कमी लेखू नका. ज्ञान सिद्ध झालं, अनुभव जमवायचा आहे, एवढाच त्याचा अर्थ.

त्या अनुभवाची नोंद पहिल्या वर्गापासून ठेवा. तारीख, तास, विषय, सहभागींची संख्या, दहांपैकी कोणतं विषयक्षेत्र आणि देखरेख करणाऱ्याची सही. तयारीला लागलेले तास वेगळ्या रकान्यात. तीन वर्षांनी आठवून लिहिलेला तक्ता कुणाच्याही गळी उतरत नाही, आणि तोवर सही करणारा माणूस नोकरी बदलून गेलेला असतो.

भारतातली पदवी असेल तर कागदांचं काम अभ्यासाच्या आधी सुरू करा. परदेशी पदवी तपासणाऱ्या मूल्यांकन संस्थांना ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांची अधिकृत नोंद, बहुधा विद्यापीठाकडून थेट, बंद लिफाफ्यात किंवा त्यांच्या पोर्टलवरून हवी असते, आणि आपल्या विद्यापीठांत त्याला कित्येक आठवडे जातात. प्रत्येक विषयाचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम महाविद्यालयाच्या शिक्क्यासह मागून घ्या, कारण "पेपर ४" या नावावरून त्यात काय शिकवलं हे तिकडच्या माणसाला कळत नाही. पदवीवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच पाकिटात जोडा.