उचल ओळखायला मला आठ महिने लागले

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यात वाढलेल्या पोरीला उचल म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, तेव्हा ऊसतोडीचा मुकादम येतो आणि कोयत्यामागे आगाऊ रक्कम मोजून देतो, तीच उचल. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, हे बाहेरच्यांना आधी सांगावं लागतं. दिवाळीच्या आसपास टोळी फडावर जाते. हंगाम संपून हिशोब झाला की बऱ्याच जणांच्या नावावर बाकी निघतेच. ती फिटेपर्यंत पुढच्या साली त्याच मुकादमाकडे जायचं. याला आमच्याकडे कुणी गुलामी म्हणत नाही, 'बाकी फिरली' म्हणतात.

एवढं माहीत असूनही तमिळनाडूतल्या सूतगिरण्यांमध्ये कामगारांशी बोलताना तीच उचल मला तब्बल आठ महिने दिसली नाही. एमएसडब्ल्यू किंवा कामगार कायद्याची पदविका करून 'सोशल ऑडिट'मध्ये, म्हणजे कारखान्यात कामगारांना कसं वागवतात ते तपासायच्या कामात, येऊ पाहणारी मुलं-मुली मला अधूनमधून फोन करतात, म्हणून ती चूक एकदाची लिहून काढतेय.

आधी ही नोकरी आहे कशासाठी ते. ब्रिटनमध्ये 2015 साली आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा झाला. त्याच्या कलम 54 नुसार वर्षाला 3 कोटी 60 लाख पौंड किंवा त्याहून जास्त उलाढाल असलेल्या कंपनीला दरवर्षी एक निवेदन काढावं लागतं. आपल्या धंद्यात आणि पुरवठ्याच्या साखळीत वेठबिगारी, माणसांचा व्यापार नसावा म्हणून आपण काय केलं, हे त्यात लिहायचं. गंमत अशी, की 'आम्ही काहीही केलं नाही' असं लिहिलं तरी या कलमाची अट पूर्ण होते! तसं लिहिणं कुणालाच परवडत नाही, म्हणून तुमच्या-माझ्यासारख्यांना काम मिळतं. ऑस्ट्रेलियानेही 2018 मध्ये असाच कायदा केला. मुलाखतीत हे विचारतात, पण कारखान्यात पाऊल टाकल्यावर खरा उपयोग आपल्या 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा आणि घटनेच्या कलम 23 चा होतो. 1982 च्या एशियाड कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणं हीसुद्धा कलम 23 मधली सक्तीची मजुरीच. हा निकाल मुळातून वाचा. अर्ध्या प्रशिक्षणाचं काम तो एकटा करतो.

आता साखळी. लंडनच्या दुकानातला टी-शर्ट तिरुपूरच्या एखाद्या युनिटमध्ये शिवला जातो. त्या युनिटला कापड येतं विणाई-रंगाईवाल्याकडून, त्याला सूत येतं कोइम्बतूर, दिंडीगुल, इरोड भागातल्या गिरण्यांतून, आणि गिरणीचा कापूस कदाचित आपल्या यवतमाळचा असतो. रिटेलरचा करार असतो फक्त शिलाई युनिटशी. ऑडिटही बहुतेक तिथेच होतं. तिथे उजेड असतो, आगीपासून बचावाच्या खुणा असतात, भिंतीवर आचारसंहिता तमिळमध्ये लावलेली असते. 'सुमंगली' योजनेचे प्रकार मात्र गिरण्यांत घडले. आपण सवाष्ण म्हणतो, तोच अर्थ. गरीब घरातल्या मुलींना तीन वर्षांसाठी वसतिगृहात ठेवायचं, महिन्याला थोडे पैसे द्यायचे आणि मुदत संपल्यावर लग्नासाठी एकरकमी रक्कम. मुदतीआधी सोडलं तर ती रक्कम बुडाली. दाराला कुलूप लावायची गरजच नाही.

माझी पहिली मोठी ऑडिट अशाच एका गिरणीची. सुमंगलीचं नाव तोवर इतकं बदनाम झालं होतं, की ते कुणी काढत नव्हतं. वसतिगृहात ओडिशा आणि झारखंडच्या मुली होत्या, त्यामुळे हिंदीवर भागलं. मी माझी यादी काढली. जबरदस्तीने आणलंय का? नाही. कर्ज आहे का? नाही. नोकरी सोडता येते का? हो. सगळ्यांची उत्तरं सारखी, एका पाठोपाठ एक, पाढे म्हटल्यासारखी. मी सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण केली आणि चांगलं काम झालं म्हणून खूश होऊन परतले. पुढचे आठ महिने असेच गेले.

मग एका गिरणीत जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी सहज म्हणाली, "दीदी, मेरा अभी सात महीना बाकी है." बाकी. तो एक शब्द ऐकला आणि आमचं आंगण समोर उभं राहिलं. तिच्या वडिलांना गावातल्या एजंटने आधी पैसे दिले होते, प्रवासाचा आणि 'कागदपत्रांचा' खर्च त्यात मिळवला होता, आणि ते सगळं एजंट तिच्या पगारातून कापून घेत होता. गिरणीच्या वहीत यातलं काहीच नव्हतं. कर्ज तिच्या मते वडिलांचं होतं, तिचं नव्हे. त्यामुळे 'कर्ज आहे का'ला तिने दिलेलं 'नाही' हे उत्तर खोटंही नव्हतं.

तेव्हापासून 'कर्ज' हा शब्द मी विचारतच नाही. गावाहून येतानाचं तिकीट कुणी काढलं, पहिल्या महिन्यात हातात किती पडले, एटीएम कार्ड कुणाजवळ असतं, शेवटचं घरी कधी गेलीस आणि तेव्हा सुट्टी कुणाकडे मागितलीस, एवढंच. गप्पांच्या ओघात, घोळक्यात, सुपरवायझर दिसणार नाही अशा जागी. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीच्या 11 खुणा सांगितल्यात. ओळखपत्र काढून घेणं, पगार अडवून धरणं, कर्जात अडकवणं वगैरे. त्या पाठ करा, पण कुणासमोर वाचून दाखवू नका.

कागदांबद्दल एक. मस्टर म्हणजे हजेरीपट बघून फार काही कळत नाही, कारण ते तुमच्यासाठीच लिहिलेलं असतं. शिलाई युनिटमध्ये तुटलेल्या सुयांची नोंदवही मागा. सुईचा तुकडा कपड्यात राहू नये म्हणून प्रत्येक तुटलेली सुई तारखेसह चिकटवून ठेवतात. मस्टरमध्ये रविवारी सुट्टी आणि सुयांच्या वहीत त्याच रविवारी चार सुया, असं निघालं की मॅनेजरचा चहा गार होतो. गेटवरचं रजिस्टरही असंच बोलतं.

पाकीट पुढे येईल. कधी साडीच्या रूपात येईल. नाही म्हणायचं आणि अहवालात लिहायचं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही.

सापडल्यावर काय करायचं, हे कुणी नीट शिकवत नाही. मॅनेजरला तिथल्या तिथे धारेवर धरायचा मोह होतो. त्या रात्री वसतिगृहात तुम्ही नसता, ती मुलगी असते. नाव लिहू नका, मशीनचा नंबरही लिहू नका, एकट्या एकीशी बोललात असं दिसू देऊ नका. उघड वेठबिगारी असेल तर अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे आहेत. मुक्ततेचा दाखला तिथूनच मिळतो आणि पुनर्वसनाची रक्कम त्या दाखल्यावर अवलंबून असते. रिटेलर घाबरून ऑर्डर तोडायला निघतो, त्याला आधी थांबवा. ऑर्डर गेली की गिरणी सुटते आणि मुली एजंटच्या हातात राहतात. एजंटचे पैसे मालकाने भरायचे आणि कामगारांना परत द्यायचे, यावर अडून बसायचं.

ऑडिटवर माझा फार विश्वास नाही, हे नोकरी करूनही सांगते. 2012 मध्ये कराचीच्या ज्या कपडा कारखान्यात आगीत अडीचशेहून जास्त माणसं मेली, त्याला काही आठवड्यांपूर्वीच 'एसए 8000' हे कामगारांना नीट वागवत असल्याचं प्रमाणपत्र मिळालं होतं. त्यापेक्षा मला 2022 चा दिंडीगुल करार पटतो. तिथे दलित महिलांच्या नेतृत्वाखालची युनियन, उत्पादक आणि एचअँडएमसारखा ब्रँड अशांनी बांधील करार केले आणि कामावर कुणाला त्रास होत नाही ना, यावर बायकांनीच लक्ष ठेवायचं ठरलं. बाहेरून दोन दिवसांसाठी गेलेल्या मला जे आठ महिने दिसलं नाही, ते शेजारच्या मशीनवरच्या बाईला पहिल्या आठवड्यात माहीत असतं.

आता मी एका रिटेलरच्या भारतातल्या ऑफिसात आहे आणि निम्मी भांडणं आमच्याच खरेदी विभागाशी होतात. भाव घासून पाडायचा, डिझाइन शेवटच्या आठवड्यात बदलायचं, माल त्याच तारखेला मागायचा, आणि मग ओव्हरटाइम का झाला म्हणून माझ्याकडून खुलासा. हा भाग पंधरा दिवसांच्या कोर्समध्ये नसतो. शक्य असेल तर दोन वर्षं ऑडिट कंपनीत पायपीट करा आणि मगच अशा खुर्चीत बसा, नाहीतर खरेदीवाले तुम्हाला गुंडाळतील.

गेल्या वर्षी एका गिरणीने पहिल्यांदा एजंटचे पैसे कामगारांना परत केले. पाठपुराव्याला गेले तर मॅनेजर तक्रारीच्या सुरात म्हणाले, "बघा मॅडम, पैसे हातात पडले आणि आठवड्यात नऊ जणी गावी निघून गेल्या." ते वाक्य मी जसंच्या तसं अहवालात टाकलं, 'सुधारणेचा पुरावा' या रकान्यात.