वाचलेलं परीक्षेपर्यंत टिकवायचं कसं: उजळणीचं अंतर आणि झोपेचं घड्याळ

लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये रात्री एकलाही खुर्च्या भरलेल्या असतात. तास भरपूर होतात. तरी महिन्यापूर्वी दोनदा वाचलेला धडा टेस्टला समोर आला की हात थांबतो. अशा वेळी पोरं स्वतःला 'ढ' ठरवून मोकळी होतात, आणि त्याचंच वाईट वाटतं. कारण बहुतेकदा उजळणीची वेळ चुकलेली असते किंवा झोप कापलेली असते. दोन्ही दुरुस्त करता येतं.

विसरण्याचा वेग

हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, काही वेळानं त्याच पुन्हा पाठ करायच्या आणि दुसऱ्या खेपेला श्रम किती कमी लागले ते मोजायचं. २० मिनिटांनी ५८ टक्के बचत झाली, एका दिवसानं ३४, सहा दिवसांनी २५, ३१ दिवसांनी २१. हे आकडे 'एवढंच लक्षात राहतं' म्हणून सांगितले जातात, ते चूक आहे. ही पुन्हा शिकताना होणारी बचत आहे. धडा कोरा झाल्यासारखा वाटला तरी दुसऱ्यांदा तो लवकर बसतो. शिवाय अर्थ असलेला मजकूर इतका निसटत नाही: त्याच एबिंगहाउसला कवितेच्या ओळी पाठ करायला निरर्थक अक्षरांच्या सुमारे दहाव्या भागाइतकेच श्रम लागले. म्हणून आधी समजून घ्या, मग पाठ करा.

उतार पहिल्या दिवशी सर्वांत तीव्र असतो, तेव्हा पहिली उजळणी त्याच दिवशी झोपण्याआधी व्हायला हवी.

पुस्तक मिटून उजळणी

४०-४५ मिनिटं वाचा. पुस्तक मिटा. रफ वहीत १० मिनिटं जे आठवेल ते लिहा: व्याख्या, आकृती, सूत्र, क्रम. मग पुस्तक उघडून सुटलेलं लाल पेनानं भरा. त्या लाल जागांचे ५ ते ८ छोटे प्रश्न करून कार्डांवर उतरवा, उत्तर मागच्या बाजूला.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हेच तपासलं. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, ८१ विरुद्ध ७५ टक्के. आठवड्यानं चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६, वाचणाऱ्यांना ४२. पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो, आणि ओळखीलाच आपण 'येतंय' समजतो.

कार्डांसाठी तीन खोकी ठेवा. पहिल्यातली रोज, दुसऱ्यातली दर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्यातली दर दहाव्या दिवशी. बरोबर आलं की कार्ड पुढच्या खोक्यात, चुकलं की थेट पहिल्यात. तिसऱ्या खोक्यात दोनदा बरोबर आलेलं कार्ड बाजूला काढून महिन्यानं बघा. परीक्षा जितकी लांब तितकं अंतर वाढवायचं: सेपेडा आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अभ्यासात चाचणी आठवड्यावर असेल तर त्या मुदतीच्या २० ते ४० टक्के अंतर सर्वांत फायद्याचं ठरलं, वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के. म्हणजे वर्षभराच्या तयारीत दोन उजळण्यांमध्ये तीन-चार आठवडे गेले म्हणून घाबरायचं कारण नाही.

बिघडतं कुठं? एका कार्डावर पाच मुद्दे कोंबले की तीन आठवले तरी 'आलं' म्हणून ते पुढं सरकतं. एका कार्डावर एकच प्रश्न ठेवा. उत्तर मनात पूर्ण तयार होण्याआधी कार्ड उलटलं जातं; तोंडानं बोला किंवा लिहा, मगच उलटा. आणि आठवडाभर खोकी उघडली नाहीत तर ढीग साचतो. तो एका बैठकीत उपसू नका. नवीन कार्डं दोन-तीन दिवस थांबवा आणि रोज अर्धा तास जुनी काढा.

सारखे दिसणारे धडे एकमेकांत मिसळतात, हेही विसरण्याचं मोठं कारण आहे. मायटॉसिस आणि मायोसिस हे पेशीविभाजनाचे दोन प्रकार एकाच दुपारी पहिल्यांदा वाचू नका. एक पक्कं करा, झोपा, दुसरा दुसऱ्या दिवशी घ्या, आणि तिसऱ्या दिवशी दोन्हींच्या फरकांचा तक्ता न बघता लिहा.

झोप कापून अभ्यास होत नाही

१९२४ मध्ये जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी दाखवलं की पाठ केल्यावर झोपलेल्यांना तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांपेक्षा जास्त आठवतं. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते, त्यापुढं किमान ७. पहाटे ४ ला उठून अभ्यास करायला हरकत नाही, मात्र मग रात्री ८ ला आडवं व्हावं लागेल. १२ ला झोपून ४ ला उठलं की झोपेचा शेवटचा भाग जातो, आणि स्वप्नांची झोप त्यातच सर्वाधिक असते.

शरीराचं घड्याळ मेंदूतल्या एका छोट्या केंद्रात चालतं. झोपेचे संशोधक चार्ल्स झाइस्लर यांच्या १९९९ च्या मोजमापात त्याचं चक्र सरासरी २४ तास ११ मिनिटांचं निघालं. बहुतेकांचं घड्याळ त्यामुळं रोज थोडं मागं पडू पाहतं, आणि सकाळचा उजेड ते जागेवर आणतो. तरुण वयात ते आणखी उशिरा धावतं. त्यात रात्रभर डोळ्यांवर ट्यूबलाइट आणि मोबाइल, सकाळी बंद खोली: महिन्याभरात झोपायची वेळ पहाटे ३ वर जाते.

सुधारायचं तर आधी उठण्याची वेळ पक्की करा, रविवारसकट. दर दोन दिवसांनी ती १५-२० मिनिटांनी लवकर आणा. उठल्यावर तासाभरात २०-३० मिनिटं बाहेर उजेडात थांबा. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ७ च्या आत, नंतर ऊन भाजतं. झोपेआधी तासभर मोबाइल दूर. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारी ३ नंतर चहा-कॉफी नको.

उन्हाळ्यात झोप न लागण्याचं मुख्य कारण उकाडा. झोप लागायला शरीराचं तापमान उतरावं लागतं. गच्ची किंवा माळवद असेल तर तिथं झोपा, मच्छरदाणी लावून. हवा कोरडी असताना कूलर चांगलं काम करतो, फक्त समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर दमट होतं. पाण्याची टंचाई असेल तर ओल्या पंचानं अंग पुसून पंख्याखाली बसलं तरी पुरतं.

दुपारी २ चा पेपर

नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा पेपर दुपारी २ ला सुरू होतो. नेमकं १ ते ४ च्या दरम्यान शरीर सुस्तावतं, जेवण केलं नाही तरी. रोज जेवून तासभर झोपणाऱ्याला हा पेपर जड जातो. परीक्षेआधी तीन आठवडे दुपारची झोप आधी २० मिनिटांवर आणा, मग बंद करा. सराव पेपर बरोबर २ ते ५ मध्येच सोडवा, शक्यतो कूलरशिवाय. केंद्राचं दार १:३० ला बंद होतं आणि त्याआधी रांग असते, म्हणून जेवण १०:३०-११ लाच उरकायची सवय याच दिवसांत लावा: पोळी-भाजी, वरणभात, पोट थोडं रिकामं ठेवून.

केंद्र दुसऱ्या गावात असेल तर रात्रीच्या बसनं जाऊ नका, आदल्या दुपारीच पोचा. आदल्या रात्री झोप लागली नाही तरी अंधारात पडून राहा, नवीन धडा उघडू नका. सकाळी नेहमीच्याच वेळी उठून उजेडात जा.