बँकॉकच्या गल्लीतल्या खानावळीत जेवायचं कसं

बँकॉकमध्ये मोठ्या रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला 'सॉय' म्हणतात. कुठल्याही वस्तीतल्या सॉयमध्ये शिरलात की थोड्याच अंतरावर एक साधी खानावळ लागते. चार-सहा टेबलं, प्लास्टिकची स्टुलं, समोर काचेच्या कपाटात मांडलेलं मांस, कोळंबी, भाज्या, आणि मागे मोठ्या शेगडीवर एक काळीकुट्ट कढई. या दुकानांना 'आहान ताम संग' म्हणतात. 'आहान' म्हणजे आपलाच संस्कृत 'आहार', आणि 'ताम संग' म्हणजे सांगाल तसा. 'संग' आणि आपलं 'सांग' यांचं जुळणं निव्वळ योगायोग आहे, पण लक्षात ठेवायला सोपं जातं.

पदार्थ तुमच्या सांगण्यावर ठरतो, हेच या दुकानाचं मर्म. भिंतीवरचा फलक बहुधा फक्त थाय लिपीत असतो. तो वाचता आला नाही तरी अडत नाही, कारण मागणी तीन तुकड्यांत करायची असते: पद्धत, मग मांस, मग वर काय हवं ते. पद्धती मोजक्याच पाठ केल्या तरी पुरतात. 'फत कफ्राव' म्हणजे मिरची-लसणाच्या ठेच्यात परतून शेवटी तुळशीची पानं घातलेलं. 'क्रथिआम' म्हणजे लसूण-मिरीचं, जवळजवळ बिनतिखट. 'फत खिंग' म्हणजे आल्याच्या लांब कापांबरोबर परतलेलं. 'खाव फत' म्हणजे परतलेला भात, आणि 'फत सी-इव' म्हणजे सोया सॉसमध्ये परतलेल्या रुंद तांदळाच्या शेवया. फत थाय, म्हणजे आपल्याकडे 'पॅड थाय' म्हणून माहीत असलेल्या परतलेल्या शेवया, मात्र इथे मागू नका. ते बनवणारी गाडी किंवा दुकान वेगळं असतं, आणि ताम संगवाल्याकडे ते क्वचितच चांगलं मिळतं.

उच्चार: मराठी जिभेला हे सोपं आहे

रोमन अक्षरांत लिहिलेलं थाय वाचून मागणी केली की घोटाळे होतात. थायमध्ये क आणि ख, प आणि फ, त आणि थ हे आपल्यासारखेच वेगळे आहेत. इंग्रजी बोलणाऱ्यांना हा फरक कानाने पकडणं जड जातं, आपल्याला तो जन्मापासून येतो. फक्त 'फ' म्हणताना ओठ मिटून उघडा, 'फळ' मधला जुना फ. दात ओठावर टेकवून 'फॅन' मधला फ म्हणू नका.

हा फरक ताटात उतरतो. 'काय' म्हणजे कोंबडी आणि 'खाय' म्हणजे अंडं. थायमध्ये शब्दाचा अर्थ सुरावरही ठरतो, पण इथे दोन्हींचा सूर एकच, फरक फक्त क आणि ख चा. 'फेत' म्हणजे तिखट आणि 'पेत' म्हणजे बदक. इथेही सूर तोच. तिखट नको असेल तर 'माय फेत' म्हणायचं. 'माय पेत' म्हणालात तर बदक नको असा अर्थ होतो, आणि मिरच्या होत्या तशाच पडतात. 'कफ्राव काय, खाय दाव' एवढं स्पष्ट म्हणता आलं की अर्धं काम झालं. हे तुळस घातलेलं चिकन, भातावर, सोबत तळलेलं अंडं. 'दाव' म्हणजे तारा. भरपूर कडकडीत तेलात अंडं फोडलं की पांढऱ्याच्या कडा फुलून तपकिरी जाळी धरतात, त्यावरून अंड्याला ताऱ्याचं नाव पडलं असावं. बलक पातळच ठेवतात. घट्ट हवा असेल तर 'खाय दाव सुक सुक' सांगा.

वाढणाऱ्याला हाक मारताना नातं लावायचं. आपल्यापेक्षा मोठ्या दिसणाऱ्याला 'फी' (दादा-ताई दोन्हींना हाच शब्द), लहान दिसणाऱ्याला 'नॉंग', आणि आईहून वयाने मोठ्या बाईंना 'पा'. वाक्याच्या शेवटी पुरुषाने 'ख्रप' आणि बाईने 'ख' जोडायचं. हे न जोडता नुसती मागणी केली की ती हुकमासारखी ऐकू येते.

तिखटाचा हिशेब

'आम्ही कोल्हापूरचे, आम्हाला काय होणार' असं म्हणून सुरुवात करू नये. आपलं तिखट बहुतेक सुक्या मिरचीचं, तेलात शिजून मुरलेलं. इथलं तिखट ताज्या, बोटाच्या पेरापेक्षाही लहान मिरचीचं, जेमतेम परतलेलं किंवा थेट कच्चं. ते जिभेच्या टोकाला आणि ओठांना लगेच भिडतं. पहिल्यांदा 'फेत नॉय', म्हणजे कमी तिखट, सांगा. वाढवायला टेबलावर सोय असते, कमी करायला नसते.

सोम ताम, म्हणजे कच्च्या पपईचा कुटलेला सलाड, याचा हिशेब तर सरळ मिरच्या मोजून होतो. 'फ्रिक नुंग मेत' म्हणजे एक मिरची, 'फ्रिक सॉंग मेत' म्हणजे दोन. एकही नको म्हटलं तरी थोडा झणका येतोच, कारण मातीच्या त्याच उखळात आधीच्या गिऱ्हाइकाच्या मिरच्या कुटलेल्या असतात. अजिबात सोसत नसेल तर उखळ धुवायला सांगा. सोम ताममध्ये 'थाय' हा प्रकार मागा: शेंगदाणे, लिंबू, गूळसर साखर. 'पू' असेल तर त्यात खारवलेला कच्चा खेकडा असतो, आणि 'प्ला रा' असेल तर आंबवलेल्या माशाचा दाट रस. नव्या पोटाला हे दोन्ही पहिल्याच दिवशी नकोत.

काय चालतं, काय नाही

गोमांस न खाणाऱ्यांचं काम एका वाक्यात होतं: 'माय किन नुअ'. 'नुअ' एकटा आला की त्याचा अर्थ गोमांस. शाकाहारी माणूस नेमका इथेच फसतो. मांस नको म्हणून 'माय साय नुअ' सांगितलं की स्वयंपाकी गोमांस वगळतो आणि भल्या मनाने डुकराचं मांस, म्हणजे 'मू', घालून देतो. कुठलंच मांस नको असेल तर 'माय साय नुअ सत' म्हणायचं.

तेवढ्यानेही भागत नाही. मीठ म्हणून इथे 'नाम प्ला' हा माशाचा सॉस पडतो. परतलेल्या भाजीत कालवांचा सॉस असतो. साध्या ऑम्लेटच्या अंड्यातही चमचाभर नाम प्ला फेटलेला असतो. तांबडी-हिरवी करी तर मागूच नका, कारण तिच्या वाटणातच 'कपि', म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, आधीपासून कुटलेला असतो, तो नंतर काढता येत नाही. शेवयांचं सूपही हाडांच्या पाण्याचं असतं, वरचे मांसाचे तुकडे वगळून ते शाकाहारी होत नाही. त्यामुळे परतलेलेच पदार्थ मागा: 'कफ्राव हेत' (अळंबी) किंवा 'कफ्राव तावहू' (टोफू), आणि सोबत 'माय साय नाम प्ला, माय साय नाममन हॉय, साय सी-इव'. म्हणजे माशाचा सॉस नको, कालवाचा नको, सोया घाला. कढई मात्र तीच राहील. ते चालत नसेल तर थेट 'चे' दुकान शोधा.

'चे' दुकानावर पिवळी पताका असते आणि तिच्यावर लाल अक्षरं. ती लांबून इंग्रजी अंकांतल्या सतरासारखी दिसतात. चिनी परंपरेतल्या या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध नसतं, शिवाय कांदा-लसूणही नसतो. माळकरी माणसाला थाय जेवणात याहून निर्धास्त जागा मिळणं कठीण. तिथल्या ताटात हुबेहूब मासा किंवा मांस दिसलं तर दचकू नका, ते सोयाबीन आणि गव्हाच्या सत्त्वाचं असतं. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या पहिल्या नऊ दिवसांत 'चे' जेवणाचा उत्सव असतो, तेव्हा गल्लोगल्ली या पताका लागतात. पुष्कळदा तो आपल्या शारदीय नवरात्राबरोबरच येतो. २०२३ मध्ये दोन्ही १५ ऑक्टोबरलाच बसले होते. 'मंग्सविरत' (मूळ 'मांसविरति') हा शब्दही समजतो, पण त्यात अंडं-दूध चालतं आणि स्वयंपाकी माशाचा सॉस विसरतो. 'किन चे' म्हटलं की तो विसरत नाही.

आणखी एक गोष्ट. कफ्राव ही आपलीच तुळस, वनस्पतिशास्त्रात एकच जात. तुळस शिजवून खाणं ज्यांच्या मनाला पटत नाही त्यांनी क्रथिआम किंवा फत खिंग मागावं.

चांगलं कफ्राव ओळखायचं कसं

ठेचा तेलात पडला की धुराने सगळं दुकान खोकायला लागलं पाहिजे. मग मांस, मग सॉस, चिमूटभर साखर, आणि पानं अगदी शेवटी, गॅस बंद करता करता. पानं मरगळलेली पण हिरवी असावीत. काळी पडली असतील तर ती लवकर घातली. पानांना बडीशेपेसारखा गोड वास आला तर ती तुळस नाही, 'होरफा' नावाची दुसरी जात आहे, आणि तिने हा पदार्थ जमत नाही. ताटात तळाशी रस्सा साचला असेल तर कढई पुरेशी तापली नव्हती. फरसबी आणि कांद्याची भर फार असेल तर मांसात हात आखडलेला असतो.

टेबलावर

चमचा उजव्या हातात, काटा डाव्या. काट्याने घास चमच्यात लोटायचा आणि चमचा तोंडात. काट्याने भात खाणं तिथे विचित्र दिसतं, आणि सुरी लागत नाही, कारण सगळं आधीच कापलेलं असतं. चॉपस्टिक फक्त शेवयांच्या वाडग्याबरोबर. चिकट भात, 'खाव निआव', मात्र हाताने खायचा. छोटा गोळा वळून रश्शात बुडवायचा, ही सवय आपल्याला शिकवावी लागत नाही.

तोम याम हे आंबट-तिखट सूप किंवा नारळाच्या दुधाचं तोम खा आलं की वाडग्यात तुकडे तरंगताना दिसतील: कोळिंजनाच्या चकत्या, गवती चहाच्या कांड्या, मक्रूत लिंबाची पानं. हे कढीपत्त्यासारखं बाजूला काढायचं असतं. कोळिंजन आलं समजून चावलं तर ते लाकडासारखं लागतं आणि तोंड औषधी होतं.

शेवयांच्या दुकानात टेबलावर चार डबे असतात: साखर, भाजलेल्या मिरचीची भरड, मिरच्या घातलेला व्हिनेगर, नाम प्ला. सूप मुद्दामच बेताच्या चवीचं देतात, पुरं करायचं काम खाणाऱ्याचं. आधी रस चाखा. मग व्हिनेगर अर्धा चमचा, साखर अर्धा चमचा, ढवळून पुन्हा चाखा, खारटपणा कमी वाटला तरच नाम प्लाचे थेंब, आणि मिरची सगळ्यात शेवटी. मिरची आधी घातली की जीभ बधिर होते आणि बाकीचं माप चुकतं. साखरेला बिचकू नका. आमटीत आपण गूळ ज्या कारणाने घालतो त्याच कारणाने ती घालायची. मागताना शेवयांची जात सांगा: 'सेन लेक' बारीक, 'सेन याय' रुंद, 'बमी' अंड्याच्या पिवळ्या. रश्शासह हव्यात तर 'नाम', कोरड्या हव्यात तर 'हॅंग'. वाडगा लहान असतो, दुसरा मागण्यात काही वावगं नाही. एकदाच मोठा हवा तर 'फिसेत', म्हणजे आपला 'विशेष'. त्याचे बहुधा दहाएक बाट जास्त पडतात.

तयार भाज्यांचं दुकान

'खाव कॅंग'वाल्याकडे परातींत दहा-वीस पदार्थ तयार असतात आणि बोट दाखवून काम होतं. पदार्थ कोमट असतात, तशीच रीत आहे. म्हणून अकराच्या आत जावं, दुपारनंतर तळ उरतो. भातावर दोन पदार्थ घेताना दोन्ही नारळाच्या दुधाचे घेऊ नका, चव एकमेकींत बुडते. एक रसदार आणि एक कोरडा, किंवा रसदारासोबत उकडलेलं अंडं.

ताम संगकडे चौघं गेलात तर चार वेगवेगळी ताटं मागवण्यापेक्षा 'खाव प्लाव' (साधा भात) प्रत्येकी एक आणि मध्ये चार पदार्थ घ्या: एक आंबट सूप, एक अंड्याचं, एक तिखट परतलेलं, आणि 'फक बुंग', म्हणजे आपली नाळीची भाजी, मोठ्या आचेवर लसूण-मिरचीत परतलेली. पदार्थ जसे होतील तसे येतात, कढई एकच असते. सगळं आल्यावर सुरू करू म्हणून थांबलात तर पहिला पदार्थ गार होतो. एका वेळी एक-दोन चमचेच आपल्या भातावर घ्यायचे, ताट भरून घेणं बरं दिसत नाही. बारा ते एक ऑफिसची गर्दी असते, तेव्हा बारकावे सांगायला गेलात तर ऐकायला कुणाला सवड नसते. शाकाहारी माणसाने तरी सव्वाअकरा किंवा दीडनंतरची वेळ धरावी.

निघताना 'केप तंग' किंवा 'चेक बिन' म्हणा, किंवा टेबलाकडे बोट करून हवेत गोल फिरवा. साध्या दुकानात एका ताटाचे साधारण ५० ते ७० बाट होतात, अंड्याचे दहाएक वेगळे. हजाराची नोट पुढे केली तर दुकानदार शेजारी सुट्टे मागायला धावतो, म्हणून वीस, पन्नास आणि शंभरच्या नोटा जवळ ठेवा. टीप अपेक्षित नसते, उरलेली नाणी ठेवली तरी पुष्कळ. जेवण बांधून हवं असेल तर 'क्लप बान', म्हणजे घरी न्यायला. रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत हवा कोंडून रबराने गच्च आवळून देतात. ते रबर ओढू नका, त्याचं मोकळं टोक शोधून उलटं फिरवा, नाहीतर तोम याम अंगावर येतं.