आरओ घेण्याआधी टीडीएस मोजा

आरओ बसवायचा विचार असेल तर आधी नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजा. पेनासारखं मीटर स्वस्तात मिळतं. शेजाऱ्यांकडून मागून आणलं तरी भागतं. भारतीय मानकानुसार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस चालतो, आणि मुंबई-पुण्यात धरणातून येणारं पालिकेचं पाणी बहुधा याच्या बरंच खाली असतं. तिथे यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा) फिल्टर, नाहीतर सरळ उकळणं पुरतं. (मीटरला जंतू दिसत नाहीत, म्हणून हे हवंच.)

बोअरचं पाणी असेल आणि टीडीएस ५०० च्या वर निघाला तर आरओ लागू शकतो. पण तो लिटरभर पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. ती नळी बादलीत सोडा. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते पाणी उत्तम. कुंड्यांना मात्र रोज नको, मातीत क्षार साठतात.