वॉटर रिंग व्हॅक्यूम पंप: आधी पाणी, मग बटण

ड्रायरमधली (माल वाळवायच्या बंद भांड्यातली) हवा ओढून व्हॅक्यूम करणारा हा पंप बाहेरून साध्या पाण्याच्या पंपासारखाच दिसतो, म्हणून नवा हेल्पर येतो आणि सरळ हिरवं बटण दाबतो. पण यात इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, केसिंगच्या (बाहेरच्या कवचाच्या) मध्यापासून जरा बाजूला बसवलेला असतो. तो फिरला की पाण्याचं कडं तयार होतं. त्यामुळे पात्यांमधली जागा एकीकडे वाढते, दुसरीकडे घटते, आणि हवा ओढली जाते. पिस्टनचं काम इथे पाणी करतं. पंप कोरडा चालवला तर व्हॅक्यूम येतच नाही, वर शाफ्टपाशी गळती अडवणारं सील जातं.

पंप पंधरा-वीस दिवस बंद होता? मेन स्विच पाडा, त्याला कुलूप लावा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा. मग कपलिंग (मोटर आणि पंपाचे शाफ्ट जोडणारा भाग) हाताने फिरवून बघा. गंजाने किंवा बोअरच्या पाण्याच्या क्षाराने इम्पेलर धरलेला असेल तर तो मोटरच्या जोरावर सोडवायला जाऊ नका, फिटरला बोलवा. मोकळा फिरला की कपलिंगवरचं झाकण, म्हणजे गार्ड, बसवा, मगच कुलूप काढा.

मोटर रिवाइंड होऊन (नवीन तारा गुंडाळून) आली असेल तर कपलिंग सुटं ठेवून तिची दिशा केसिंगवरच्या बाणाशी ताडून घ्या. आमच्याकडे एकदा दोन फेज उलटे जोडले गेले होते. पंप गुरगुरत होता, गेजचा काटा हलेना, आणि आम्ही तासभर लाइनमधली गळती शोधत बसलो!

आता पाणी. केसिंगमध्ये ते साधारण शाफ्टच्या मध्यापर्यंत हवं. काठोकाठ भरलं तर सुरू होतानाच लोड येऊन स्टार्टर ट्रिप होतो. डिस्चार्ज (हवा बाहेर जायची बाजू) पूर्ण उघडा. सक्शन (हवा ओढायच्या बाजूचा) व्हॉल्व्ह थोडासाच उघडा. मोटर सुरू करा आणि लगेच सील वॉटर, म्हणजे कड्यासाठी पंपात येत राहणारं पाणी, सोडा. अँपिअर मोटरच्या प्लेटवरच्या आकड्याच्या आत आहेत ना ते बघत सक्शन हळूहळू पूर्ण उघडा. सॉल्व्हंटची वाफ ओढत असाल तर डिस्चार्जची लाइन शेडच्या बाहेर, ठिणगीपासून लांब गेलेली हवी.

व्हॅक्यूम गेजवर ७६० मिमीची (पाऱ्याच्या मिलिमीटरमधल्या, समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाएवढ्या आकड्याची) वाट बघू नका. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच, तिथे हवेचा दाबच ७१० मिमीच्या आसपास. कोकणात ७२० दाखवणारा पंप पुण्यात ६७० दाखवेल, आणि तो बिघडलेला नसेल. खरा शत्रू गरम पाणी. १५ अंशाला पाण्याच्या वाफेचा दाब सुमारे १३ मिमी असतो, ३५ अंशाला ४२. म्हणून मे महिन्यात टाकीतलं तेच ते पाणी फिरवलं की व्हॅक्यूम पडतो, आणि ऑपरेटर बिचारा बोलणी खातो.

डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला तर ते कॅव्हिटेशन. आत पाण्याच्या वाफेचे बुडबुडे फुटून पाती खातात. ब्लीड व्हॉल्व्हने (बाहेरची हवा आत सोडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हने) जराशी हवा आत घ्या आणि पाणी थंड करा. सक्शन पूर्ण बंद ठेवून पंप चालत ठेवलात तर हाच आवाज येईल. ग्लँडमधून (शाफ्टभोवतीची डोरी दाबून धरणाऱ्या भागातून) थेंब थेंब पाणी गळू द्या. गळती दिसते म्हणून ग्लँड आवळली की डोरी जळते आणि शाफ्टवरच्या नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, चर पडतो.

बंद करताना आधी सील वॉटर बंद, दहाएक सेकंदांनी सक्शन बंद, लगेच मोटर बंद. हा क्रम चुकला आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (उलटा प्रवाह अडवणारा) पास होत, म्हणजे आतून गळत असला तर पंपातलं पाणी उलटं ड्रायरमध्ये ओढलं जातं. वाळून तयार झालेल्या पावडरीचा असा चिखल झालेला मी पाहिला आहे. शेवटी ड्रायरचा व्हेंट सावकाश उघडा. गेज शून्यावर आल्याशिवाय झाकणाचा एकही बोल्ट सैल करू नका.