संदर्भसूचीच्या प्रशिक्षणासाठी झोटेरोचा सामायिक गट

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संदर्भसूची शिकवताना केवळ नियमावली समजावून सांगण्यापेक्षा झोटेरो या संदर्भ जमवून त्यांची सूची करून देणाऱ्या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये विषयनिहाय सामायिक गट तयार करून त्यातच काम करून घेणे अधिक परिणामकारक ठरते. गट खासगी ठेवावा आणि नोंदी बदलण्याचा अधिकार आरंभी फक्त गटाच्या प्रशासकांकडे राखावा. म्हणून विद्यार्थ्यांच्या सरावासाठी वेगळा गट असलेला बरा. पीडीएफ मात्र गटात साठवू नयेत. मोफत साठवण अवघी 300 एमबी असते, गटातील फायली गटाच्या मालकाच्याच खात्यावर मोजल्या जातात आणि स्वामित्वहक्काचा प्रश्नही उरतोच. त्याऐवजी शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातील प्रबंधाचा किंवा नियतकालिकातील लेखाचा दुवा द्यावा.

खरी अडचण मराठी पुस्तकांची आहे. आयएसबीएन (पुस्तकाचा प्रमाणित ओळखक्रमांक) टाकून मागवलेली नोंद पुष्कळदा सापडत नाही, आणि सापडली तरी लेखकाचे नाव बहुधा रोमन लिपीत येते. ग्रंथालयात कोहा ही ग्रंथालय-व्यवस्थापनाची संगणकप्रणाली असेल आणि तालिकीकरण (पुस्तकांच्या नोंदी करण्याचे काम) देवनागरीत झालेले असेल (अनेक ठिकाणी ते झालेले नसते, हे खेदाने म्हणावे लागते), तर ओपॅकमधील (ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेतील) नोंद आरआयएस या संदर्भांच्या देवाणघेवाणीसाठीच्या फाइल-स्वरूपात जतन करून झोटेरोत आयात करावी. त्यानंतर आडनाव व नाव योग्य रकान्यांत आहे का, हे विद्यार्थ्यांकडूनच तपासून घ्यावे. भाषेच्या रकान्यात मराठीचा ‘एमआर’ हा संकेत रोमन अक्षरांत भरायला लावावा.