डोक्याला मार लागून महिना झाला तरी त्रास संपत नाहीये, उलट रोज वेगळाच? मग काय करायचं

सीटी स्कॅन नॉर्मल आला, डॉक्टरांनी आराम करा सांगून घरी पाठवलं, आणि आता तीन-चार आठवडे झाले तरी डोकं जड, ट्यूबलाइटचा उजेड नको वाटतो, कुकरची शिट्टी झाली की अंगावर येते, आणि घरचे म्हणतात रिपोर्ट तर क्लिअर आहे मग आता काय झालं. ज्यांच्या घरी हे चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय. आमची ताई स्कूटरवरून पडली तेव्हापासून हा विषय मी जवळून बघितलाय आणि लोकांना नेमकं काय करायचं हेच कुणी नीट सांगत नाही असं माझं ठाम मत झालंय.

पहिले हे डोक्यात पक्कं करा की स्कॅनमध्ये रक्तस्राव, फ्रॅक्चर, सूज अशा गोष्टी दिसतात. कन्कशनमध्ये, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसतो त्यात, मेंदू कवटीच्या आत जोरात हलतो, बारीक तंतू ताणले जातात, पेशींमधलं पोटॅशियम, कॅल्शियमचं गणित बिघडतं आणि ते परत जागेवर आणायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते, नेमकी तेव्हाच ती कमी पडते. हे साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही. म्हणजे रिपोर्टही खरा आणि त्रासही खरा.

आधी धोक्याची लक्षणं बघून घ्या

डोकेदुखी वाढतच चाललीय, परत परत उलट्या, फिट, बोलणं अडखळतंय, एका बाजूचा हात-पाय लुळा पडतोय, एक बाहुली मोठी एक लहान, झोपेतून नीट जागच येत नाहीये, कानातून-नाकातून रक्त किंवा पाण्यासारखं काही येतंय, यातलं एक जरी असलं तर पुढचं वाचू नका, १०८ ला फोन करा नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठा. घरातलं वयस्कर माणूस असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच सावध राहा, कारण त्यांच्या कवटीच्या आत रक्त हळूहळू साठून काही आठवड्यांनीसुद्धा त्रास सुरू होऊ शकतो. आजोबा महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडले होते आणि आता चालताना झोकांड्या खातायत, विसरतायत, तर ते वयामुळे असं म्हणून सोडू नका, दाखवा.

एक वही करा

साधी वही, मोबाईलवर नको कारण स्क्रीननेच त्रास होतो. रोज रात्री चार ओळी: किती झोप झाली, दिवसभर काय केलं, कुठला त्रास कधी झाला आणि दहापैकी किती, गोळी घेतली का. एवढंच. जास्त लिहायला लागलात तर दिवसभर लक्षणंच शोधत बसाल, ते पण नको.

ताईची वही आमच्या फ्रिजवर असायची. सगळ्यांना वाटत होतं की तिला अशक्तपणाने चक्कर येते, म्हणून खजूर, डिंकाचे लाडू सगळं चालू होतं. पण वहीत सारखं येत होतं "पहाटे उजव्या कुशीवर वळले, खोली फिरली, थोड्या वेळात थांबलं". ते फिजिओला दाखवल्यावर त्यांनी लगेच ओळखलं की कानाच्या आतले बारीक कण मार लागल्यामुळे जागेवरून हललेत. एपली नावाची एक पद्धत आहे, डोकं ठरावीक कोनात वळवत वळवत माणसाला झोपवतात आणि उठवतात, त्याने ती चक्कर गेली. बाकीचा त्रास राहिला, पण ती एक गोष्ट सुटली, आणि ती गोळ्यांनी सुटणारी नव्हतीच.

लक्षणं बदलतात म्हणून घाबरू नका, वेगवेगळी करा

हाच माझा मुख्य मुद्दा. आधी डोकं दुखत होतं, मग चक्कर, आता चिडचिड आणि झोप नाही, म्हणजे आत काहीतरी नवीन बिघडतंय असं वाटतं. धोक्याची लक्षणं नसतील तर बहुतेक वेळा तसं नसतं. सुरुवातीला माणूस पडून असतो, मग उठून कामाला लागतो तेव्हा डोळे, तोल, मान यांच्यावर लोड येतो आणि तिथली दुखापत तेव्हा कळते. काही त्रास मुळातच उशिरा उठतात. २०१९ ला लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा बाउन्सर ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर बसला, तपासणीत पास होऊन तो परत बॅटिंगला पण आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोकं दुखायला लागलं म्हणून त्याला मॅचमधून बाहेर बसवलं, पुढची टेस्टही तो खेळला नाही. मैदानावर डॉक्टर हजर असताना हे होतं तर आपल्याकडे उशिरा कळणं साहजिकच आहे.

मग वेगवेगळं कसं करायचं. दुखणं मानेतून सुरू होऊन डोक्यात वर चढतंय तर मान तपासून घ्या, पडताना मानेलाही झटका बसलेला असतो आणि त्यावर फिजिओथेरपीचा उपयोग होतो. एका बाजूला ठणकतंय, मळमळतंय, उजेड नको, तर मायग्रेनसारखा प्रकार असू शकतो, त्याची वेगळी औषधं न्यूरोलॉजिस्ट म्हणजे मेंदूचे डॉक्टर देतात. थोडं वाचलं की ओळी हलतात, डोळे दुखतात, तर नुसता चष्म्याचा नंबर तपासून भागत नाही, दोन्ही डोळे जवळचं बघताना एकत्र वळतात का ते बघायला सांगा. मंडईत किंवा सुपरमार्केटच्या दोन रॅकमधून चालताना गरगरतं तर तोलाचे व्यायाम लागतात, व्हर्टिगोचे म्हणजे चक्करचे पेशंट बघणारा फिजिओ किंवा ईएनटी (कान-नाक-घशाचे डॉक्टर), सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीतही ईएनटी असतात.

आणि डोकेदुखीच्या गोळ्या मोजा. महिन्यातले १५ किंवा जास्त दिवस साधी पेनकिलर, असं काही महिने चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. मेडिकलमधून पट्टी आणून घेत राहणं बंद करा, डॉक्टरांना आकडा सांगा.

अंधाऱ्या खोलीत पडून राहू नका

आराम पहिले एक-दोन दिवस, तोही घरातल्या घरात हलकं फिरत. त्यानंतर आठवडेच्या आठवडे पडदे लावून पडून राहिलं तर उलट बरं व्हायला वेळ लागतो. हलकं चालणं सुरू करा, सकाळी ट्रॅफिक नसताना. नियम सोपा आहे: त्रास दहापैकी दोनने वाढला आणि तासाभरात खाली आला तर चालेल, त्याहून जास्त वाढला तर त्या दिवसापुरतं थांबा आणि उद्या थोडं कमी करा. बरं वाटलं त्या दिवशी सगळं घर आवरायला काढायचं आणि मग दोन दिवस आडवं, हे जवळजवळ सगळेच करतात, म्हणून बऱ्या दिवशी पण ठरवलंय तेवढंच.

घर आणि ऑफिस

एका वेळी एकच काम. मिक्सर, टीव्ही आणि कुणीतरी बोलतंय हे तिन्ही एकदम नको. घरातल्यांनी इथे मदत करायला हवी, आमच्याकडे दाजींनी सकाळचे डबे स्वतःकडे घेतले तेव्हा ताईची दुपार जरा बरी जायला लागली, नाहीतर बाईमाणसाला आराम करा सांगून पोळ्या कोण करणार हा प्रश्न तसाच राहतो. गणपतीत ढोल-ताशा आणि डीजेपासून लांब राहा, पण घरात दिवसभर कानात बोळे नकोत, सवय मोडते आणि साधा आवाजही मोठा वाटतो. गॉगलचं पण तसंच, उन्हात ठीक, घरात नको.

ऑफिसला एकदम पूर्ण दिवस नको, अर्धा दिवस किंवा घरून, मध्ये मध्ये ब्रेक, आणि हे डॉक्टरांकडून लेखी घ्या कारण बाहेरून काही दिसत नाही आणि लोक विश्वास ठेवत नाहीत. दहावी-बारावीची मुलं असतील तर शाळेला, क्लासला तसंच पत्र.

झोप: उठायची वेळ रोज एकच, दुपारी अर्ध्या तासाच्या वर नाही, संध्याकाळचा चहा बंद. दारू अजिबात नाही.

मनाचा भाग

कारण नसताना रडू येणं, मुलांवर ओरडणं, भीती वाटणं हे दुखापतीचाच भाग असतं, आणि त्याने झोप आणि डोकेदुखी अजून बिघडते, म्हणून त्यावर उपचार घेणं म्हणजे "तुझं सगळं मनाचं आहे" हे मान्य करणं नव्हे. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी घरच्यांना सांगा आणि फोन करा.

गाडी आणि खेळ

चक्कर येतेय, रिॲक्शन स्लो आहे तोवर टू-व्हीलर नाही. क्रिकेट, कबड्डी, फुटबॉल डॉक्टरांनी होकार दिल्यावरच, कारण मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो जास्त महागात पडतो. पडताना डोक्यावर होतं ते हेल्मेट परत वापरू नका, वरून तडा दिसला नाही तरी आतला थर दबलेला असू शकतो, नवीन घ्या.

बहुतेक लोक महिन्याभरात बरे होतात. चार आठवडे उलटून गेले तर थांबून बघू नका, न्यूरोलॉजिस्टची अपॉइंटमेंट घ्या, वही घेऊन जा आणि "त्रास होतोय" असं मोघम न सांगता सगळ्यात जास्त अडवणारे तीन त्रास आधी सांगा, बाकीचे नंतर.